पाणी कुठनं येतंय ते आधी बघा (घरच्या दाट एस्प्रेसो कॉफीबद्दल)

फोंड्याहून एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात असं: लेकानं घरगुती एस्प्रेसो मशीन भेट दिलं, दोन महिने झाले पण कॅपुचिनो काही केल्या दाट होत नाही. वरचा फेस भांडी घासायच्या साबणासारखा, दोन मिनिटांत बसतो, आणि खाली पाणचट दूध. फुल क्रीम दूध घेतलं, आटवून बघितलं, शेवटी घरची साय घातली तर वर तुपाचा तवंग आला. आसगाव-हणजूणच्या कॅफेत मिळते तशी घरी होतच नाही का?

होते हो ताई, आणि साय न घालता होते. मी चौदा वर्षं कॉफीच्या काउंटरमागे काढलीत, आता दोनेक वर्षं डिचोलीत घरीच शिकवतो, आणि शिकायला येणाऱ्या दहातल्या आठ जणांची हीच तक्रार असते, आणि आठही जण आधी क्रीमच्या मागे लागलेले असतात. माझं म्हणणं उलटं आहे. दाटपणा आत घालायच्या आधी पाणी कुठनं शिरतंय ते बघा. घरच्या कॅपुचिनोत नको असलेलं पाणी तीन वाटांनी येतं: शॉट, म्हणजे एका वेळी काढलेला कॉफीचा अर्क, लांबवला म्हणून, वाफेतून, आणि कप मोठा म्हणून. यातली वाफेची वाट कुणाच्याच लक्षात येत नाही, माझ्याही आली नव्हती.

नवीन होतो तेव्हा सहा महिने मी दूधवाल्याशी भांडत होतो. दूध पातळ, पाणी घालतोस, हे ते. तो बिचारा रोज शपथा घ्यायचा. एक दिवस रागारागात दुधाचा जग स्टीम करायच्या आधी काट्यावर ठेवला आणि नंतर परत ठेवला, तर १५० ग्रॅम दुधाचं १८० ग्रॅम झालेलं! तीस ग्रॅम पाणी मी स्वतः घालत होतो, वाफेनं. दूधवाल्याला दुसऱ्या दिवशी चहा पाजला, कारण सांगितलं नाही.

यात जादू काही नाही. वाफ दुधात शिरली की तिचं पाणी होतं, तेव्हा जी उष्णता सुटते तिनं दूध तापतं. म्हणजे पाणी येणारच, प्रश्न किती एवढाच. फ्रिजमधलं १३० ग्रॅम दूध ६० अंशांपर्यंत न्यायला कोरडी वाफ साधारण १२-१३ ग्रॅम लागते, दहा टक्क्यांच्या आसपास. पण वाफ ओली असेल, म्हणजे वाफेबरोबर बॉयलरमधलं गरम पाणी पण फुरफुरत येत असेल, तर हाच आकडा २५-३० ग्रॅमवर जातो. मग सहा टक्के फॅटचं दूध घ्या नाहीतर आठ टक्क्यांचं, पाणचट ते पाणचट.

म्हणून उद्या सकाळी पहिलं काम हे करा. स्वयंपाकघरातला काटा काढा, जग शून्यावर आणा, १३० ग्रॅम दूध घ्या, नेहमीसारखं स्टीम करा, परत वजन करा. १४२ ते १४५ आलं तर वाफ ठीक आहे, दोष दुसरीकडे. १५५ च्या पुढे गेलं तर तुमचा चोर सापडला.

ओल्या वाफेचं कारण बहुतेक वेळा घाई असते. घरगुती मशीनमध्ये एकच छोटा बॉयलर नाहीतर थर्मोब्लॉक (पाणी वाहता वाहता तापवणारा धातूचा ठोकळा) असतो, शॉट काढायला पाणी ९०-९५ अंशांना लागतं आणि वाफेला १२०-१३० पर्यंत चढावं लागतं, त्याला वेळ द्यायला हवा. स्टीमचं बटण दाबलं की दिवा स्थिर होईपर्यंत थांबा, आणि मी तर त्यानंतरही दहा सेकंद थांबतो. मग वाँडचं, म्हणजे वाफेच्या नळीचं, तोंड रिकाम्या ग्लासात धरून नॉब पूर्ण उघडा. आधी थुंकल्यासारखं पाणी येईल, फुर्र फुर्र करत, मग आवाज बदलेल आणि नुसती पांढरी कोरडी वाफ सुटेल. आता बंद करा, लगेच दुधात घाला आणि परत पूर्ण उघडा. अर्धवट उघडायचं नाही, भीती वाटते म्हणून सगळे अर्धा उघडतात, मग दूध फिरत नाही आणि तापायला दुप्पट वेळ लागतो.

आता तो साबणासारखा फेस. तुमच्या मशीनच्या वाँडवर प्लास्टिकची किंवा स्टीलची एक जाड नळी बसवलेली असणार, अंगठ्याएवढी, बाजूला वरच्या अंगाला बारीकसं भोक. तिला पानारेल्लो म्हणतात. नवशिक्यांना आपोआप फेस मिळावा म्हणून ती देतात, त्या भोकातून हवा सतत ओढली जाते, थांबतच नाही. फेस भरपूर येतो पण बुडबुडे मोठाले. नळी ओढून निघत असेल तर काढून ठेवा आणि आतल्या बारीक नळीवर काम करा. निघत नसेल तर पहिली चार-पाच सेकंदं भोक दुधाच्या वर ठेवा, नंतर जग वर उचलून भोक दुधात बुडवा, हवा बंद, नुसती वाफ.

उघड्या वाँडवर काम असं: जगाला जिथून चोच फुटते त्याच्या जरा खालपर्यंत दूध, थंडगार, फ्रिजमधनं थेट. टोक दुधाच्या पृष्ठभागाखाली जेमतेम बुडलेलं, मधोमध नाही, जरा बाजूला, म्हणजे दूध भोवऱ्यासारखं फिरेल. जग केसभर खाली घेतला की जुनं धोतर फाडल्यासारखा चर्रर्र आवाज येतो, तो आवाज म्हणजे हवा आत चाललीय. तो तीन-चार सेकंदच हवा, तळहाताला जग कोमट लागेपर्यंत. ढब ढब करून मोठे बुडबुडे उडाले तर टोक फार वर आलंय, चर्रर्र नाही आणि नुसती किंचाळी तर टोक फार खोल. कोमट लागलं की टोक सेंटीमीटरभर आत ढकला आणि मग काहीही करू नका, नुसतं फिरू द्या, फिरण्यातच मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात. जग हाताला धरवेना झाला की बंद, ते साधारण ६० अंश असतं. सत्तरीच्या पुढे गेलात तर शिजलेल्या दुधाचा वास येतो, गोडवा मरतो आणि फेस कोरडा होतो. आपल्याकडे कॉफी जीभ भाजेल अशी पाहिजे असते, माझ्या आईला तर पाहिजेच, पण दाट कॉफी आणि उकळती कॉफी एका कपात नांदत नाहीत.

बंद केल्यावर जग ओट्यावर एकदा आपटा, मग गोल गोल फिरवा. कसं दिसायला पाहिजे विचाराल तर चवथीच्या आधी चित्रशाळेत गणपतीच्या मूर्तीला नुकताच हात मारलेला असतो, रंग अजून ओला, त्यावर ट्यूबलाइट चमकते, तसं. फेस वेगळा आणि दूध वेगळं दिसलं तर जमलं नाही. आणि जमलेलं दूध ठेवून द्यायचं नाही, पंधरा-वीस सेकंदांत ओता, नाहीतर ते आपसूक वेगळं व्हायला लागतं.

दुधाबद्दल आपल्या घरांत एक गोची आहे. दूध आलं की उकळायचं, हा आपला धर्म. पण उकळलं की दुधातली जी प्रथिनं फेस धरून ठेवतात त्यांच्यातली काही आधीच मोडतात, फॅट सायीत वर निघून जातं, आणि ती साय आपण तुपासाठी काढून ठेवतो. म्हणजे कॉफीला उरतं ते निम्मं लुटलेलं दूध! पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, डेअरीपासून घरापर्यंत ते सतत गार राहिलेलं असेल तर कॉफीपुरतं दूध न उकळता थेट जगात घ्या. गवळ्याकडचं कच्चं दूध मात्र उकळल्याशिवाय वापरायचं नाही, तिथे तडजोड नको, उकळा, फ्रिजमध्ये गार करा, साय काढून गाळा आणि मग वापरा, फेस जरा कमी येईल, चालतंय. आटवलेलं दूध तर नकोच, त्याला बासुंदीचा वास लागतो आणि फेसही धड धरत नाही.

आणि तुमच्या सायीचा तवंग का आला तर घरी जमवलेल्या सायीत फॅटचे गोळे मोठे आणि सुटे असतात, चाळीस अंशांपुढे दुधातलं फॅट वितळतं, वाफेनं घुसळलं गेलं की फुटतं आणि तूप वर तरंगतं. साय चुकीची नाही, ती पोळीवर साखर घालून खा.

फेस प्रथिनांचा असतो, जिभेवरचा मऊपणा फॅटचा. फुल क्रीम म्हणून मिळतं त्यात ६ टक्के फॅट, स्टँडर्डाइज्डमध्ये साडेचार, टोन्डमध्ये ३. टोन्डचा फेस बघायला छान उभा राहतो पण तोंडात काही नाही. मी घरी सहा टक्क्यांचंच वापरतो. दूध चांगलं घेऊनही फेस सोडावॉटरसारखा सुरसुरत मरत असेल तर ते दूध दुपारी ओट्यावर बराच वेळ राहिलेलं आहे, आपल्या उन्हाळ्यात फॅट तुटायला फार वेळ लागत नाही, आणि तुटलेलं फॅट फेसाचा वैरी. अशा वेळी बंद टेट्रापॅकचं दूध बरं पडतं, चव थोडी शिजकी पण फेस भरवशाचा.

शॉटकडे येऊ. मशीनच्या खोक्यावर १५ बार (बार म्हणजे दाबाचं माप) लिहिलेलं असतं ते विसरा, ते पंप किती जोर लावू शकतो त्याचं आहे, कॉफीवर ९ बारच्या आसपास दाब पडला की झालं. महत्त्वाचं ते वजन. १८ ग्रॅम पावडर घेतली तर दुधाच्या कॉफीसाठी कपात ३० ते ३६ ग्रॅम आली की मशीन बंद, २५ ते ३० सेकंदांत. बटणावर दोन कपांचं चित्र असतं ते दाबून मोकळं झालात तर मशीन ६० पर्यंत पाणी सोडतं, आणि शेवटचं जे फिकट पिवळं पाणी येतं त्यात कडूपणाशिवाय काही नसतं. ही तुमची पाण्याची दुसरी वाट. हातानं बंद करा.

पंधरा सेकंदांतच ३६ ग्रॅम धो धो आली आणि आंबट लागली तर पावडर जाड आहे, बारीक करा. चाळीस सेकंद थेंब थेंब आणि काढा झाला तर जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्यात तर काय कशामुळे झालं कळणार नाही. पावडर बास्केटमध्ये (पावडर भरायच्या भोकांच्या वाटीत) घातल्यावर गुठळ्या राहतात, त्यांच्या मधनं पाणी पळवाट काढतं, एक भाग कडू आणि एक भाग कोरडाच. यावर उपाय फुकटातला: वाइनच्या बाटलीचं बूच घ्या, गोव्यात ते शोधावं लागत नाही, त्यात अ‍ॅक्युपंक्चरच्या चार-पाच बारीक सुया खुपसा आणि पावडर तळापासून ढवळा, मग सपाट दाबा. जोर किती याला फार महत्त्व नाही, तिरकं नको एवढंच.

ग्राइंडर. इथे मी कडू बोलणार. मिक्सरमध्ये बी फिरवली तर पीठ आणि रवा एकत्र मिळतो, त्याचा एस्प्रेसो होत नाही. तुमच्या मशीनबरोबर तळाला एकच टाचणीएवढं भोक असलेली बास्केट आली असेल, ती अशाच पावडरीसाठी असते, भोकातून जोरानं बाहेर पडताना फेस होतो आणि तो क्रेमासारखा (एस्प्रेसोवरच्या तांबूस फेसासारखा) दिसतो, दिसतो फक्त. त्यावर सुरुवात करायला हरकत नाही. पण मशीनवर वीस हजार आणि ग्राइंडरवर शून्य यापेक्षा मशीन साधं आणि हातानं फिरवायचा चांगला बर ग्राइंडर (दातेरी चकत्यांमध्ये बी सारखी भरडणारा), ही जोडी कधीही सरस. दुकानातली फिल्टर कॉफी पावडर घेत असाल तर पाकिटावर चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) किती ते वाचा, चिकोरीनं रंग आणि दाटपणाचा भास होतो, एस्प्रेसोत ती गाळ करते.

बी कुठली? इथे आपण नशीबवान, घाट चढून गेलं की कर्नाटकातला कॉफीचा मुलूख. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी नुसती उंची अरेबिका दुधात हरवते, हलकी भाजलेली असेल तर आंबटही लागते. दुधासाठी मध्यम ते गडद भाजलेली, आणि त्यात वीस-तीस टक्के चांगली रोबस्टा, म्हणजे दुसरी जात, असेल तर क्रेमा जाड येतो. रोबस्टाला नाकं मुरडणारे खूप आहेत, पण आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे सत्तर टक्के तीच आहे आणि नीट धुतलेली (फळाचा गर धुऊन मग वाळवलेली) रोबस्टा दुधात फार सुंदर लागते. माझी स्वतःची आवड मात्र मॉन्सून्ड मलबार. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबारची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायची, महिनोन्‌महिने दमट हवेत बी फुगायची, पिवळट पडायची, आंबटपणा जायचा आणि तिकडच्यांना तीच चव आवडायला लागली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, प्रवास लवकर संपायला लागला आणि ती चव गेली, मग आपल्याच किनाऱ्यावर गोदामांत पावसाळी वारा खेळवून ती मुद्दाम आणायला लागले. जून ते सप्टेंबर आपले कपडे वाळत नाहीत, तीच हवा ही. दुधात ही कॉफी मातकट, जड, बिनआंबट उतरते.

पण भाजलेल्या बीला तीच हवा मारक. पावसात पाकीट उघडं राहिलं तर दोन दिवसांत वास गेला. भाजल्याची तारीख बघून घ्या, एक ते तीन आठवडे हा चांगला काळ, आदल्या दिवशी भाजलेली नको, तिच्यात वायू इतका असतो की शॉट नुसता फसफसतो. जास्त आणलीत तर आठवड्याच्या पुड्या करून, हवा काढून फ्रीझरमध्ये टाका, पुडी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर बीवर घाम धरतो. फ्रिजच्या दारात उघडा डबा ठेवू नका, तिथे सुंगटं (कोळंबी) पण असतात.

तिसरी वाट कपाची. आपल्याकडे एस्प्रेसो म्हटलं की लग्नमंडपाच्या कोपऱ्यातला तो शिटी मारणारा स्टीलचा हंडा आठवतो, भरपूर दूध, वर कोको भुरभुरवलेला. मलाही तो आवडतो, पण त्यात कॉफी नावाला असते, त्या मापाचे मोठे कप घरी वापरू नका. ३५ ग्रॅम शॉटला १५०-१६० मिलीचा कप, म्हणजे फेसासकट दूध ११५-१२५ मिली. कप आधी गरम पाण्यानं तापवून घ्या.

एवढं सगळं जमलं आणि तरी आणखी दाट पाहिजे, तेव्हा क्रीमकडे या. अमेरिकेत ब्रेव्हे म्हणून प्रकार आहे, निम्मं दूध निम्मं क्रीम अशा मिश्रणात करतात, ते साधारण १०-१२ टक्के फॅटचं असतं. आपल्याकडे ९० ग्रॅम फुल क्रीम दुधात टेट्रापॅकमधलं २५ टक्के फॅटचं ३० ग्रॅम क्रीम घातलं की हिशेब पावणेअकरा टक्क्यांवर येतो. फेस कमी येतो, पण तोंडात मखमल. रोज पिऊ नका, रविवारी ठीक.

नारळाच्या रसाची पण करतो मी, ओट्यावर नारळ असतोच. पहिला दाट रस नुसता तापवला की फाटतो, त्यात फेस धरणारी प्रथिनंही कमी. म्हणून दाट आणि दुसरा रस निम्मा निम्मा, बारीक कापडातून दोनदा गाळून, ५५ अंशांच्या वर न नेता. कॉफी गडद भाजलेलीच, आंबट कॉफीत दाणे पडतात. शॉटमध्ये आधी माडाचा गूळ चमचाभर विरघळवायचा, मग रस. फेस फारसा होत नाही, पण वास असा येतो की शेजारी विचारतात.

उन्हाळ्यात गरम कोण पितो? बरणीत शॉट, साखर आणि पाच-सहा बर्फाचे खडे, झाकण लावून पंधरा सेकंद जोरात हलवा, गाळून ओता. दूध नाही, क्रीम नाही, आणि तरी सायीसारखा थर. किंवा व्हॅनिला आइस्क्रीमच्या गोळ्यावर गरम शॉट, फक्त डब्यावर आइस्क्रीम लिहिलंय की फ्रोझन डेझर्ट ते वाचा, दुसऱ्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असतं आणि कॉफी पडली की ते टाळूला चिकटतं.

मशीन नसलेल्यांसाठी दोन ओळी. मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायचं कॉफीचं छोटं भांडं, जे १९३३ मध्ये इटलीत निघालं आणि पुढे तिथे घराघरात पोचलं, दाब जेमतेम दीड-दोन बार, म्हणजे एस्प्रेसो नव्हे पण दुधाला पुरेल इतकी कडक. खाली गरम पाणीच घाला, आच मंद, गुरगुर सुरू झाली की लगेच गॅसवरून काढा. दूध ६० अंशांपर्यंत तापवून फ्रेंच प्रेसमध्ये (दांड्याला जाळी असलेल्या कॉफीच्या भांड्यात) वीस वेळा दांडा वरखाली करा, जाळीतून जाऊन बुडबुडे बारीक होतात. ताकाच्या रवीनं मी प्रयत्न केलाय, फेस होतो, पण ताकाचाच. मोका पॉट आणि प्रेसच्या जोडीत वाफेचं पाणीही नाही आणि लाइट गेली तरी अडत नाही, म्हणून पावसात जुलैभर माझ्याकडे बऱ्याचदा हेच चालतं.

वाँड मात्र दूध झाल्याझाल्या ओल्या फडक्यानं पुसा आणि एकदा वाफ सोडा. भोकात दूध सुकलं की वाफ कमी येते, दूध उशिरा तापतं, आणि आपण परत पहिल्या तक्रारीवर. पोर्टाफिल्टर (बास्केट बसते तो दांडा) रात्री धुवून उपडा ठेवा, आमच्याकडे एकदा सकाळी पहिला शॉट काढला तर कपात सात मुंग्या, पाहुण्यांसमोर.

ताई, वजनाचा आकडा काय आला ते कळवा. १४५ च्या आत असेल तर मग आपण तुमच्या पावडरीकडे बघू.